बहाद्दरची कंठी

फॉर्मवर 'घडलेला प्रकार' लिहायला चार ओळींची जागा होती. चार ओळींत काय डोंबल मावणार? लिहिलं, सही ठोकली, नगरपालिकेच्या बागवान मॅडम कागद घेऊन गेल्या. पण उरलेलं सगळं सांगायचं राहिलंच. म्हणून श्वानपथकातली ही जुनी डायरी काढून बसलोय. मागची पानं कोरी आहेत.

मी जालिंदर मोहिते, निवृत्त हवालदार. सव्वीस वर्षं पोलिसांच्या श्वानपथकात काढली. माझ्या हाताखालून अकरा कुत्री गेली आणि त्यातलं एकही परेडला कधी बिचकलं नाही. बँड वाजू दे, फटाके उडू दे, गाड्यांचा ताफा शेजारून सायरन वाजवत जाऊ दे, मोहितेचं कुत्रं जागचं हलायचं नाही. साहेब लोक म्हणायचे, "मोहिते, ही कुत्री आहेत का पुतळे?" मला त्याचा कोण अभिमान!

युक्ती सोपी होती. माझा एक हुकूम होता, 'सरळ'. सरळ म्हटलं की तोंड मिटलेलं, कान उभे, शेपूट पाठीच्या रेषेत, नजर समोर. मध्येच जीभ नाकावरून फिरली, जांभई आली, मान वळली, की साखळीला हिसका आणि पुन्हा 'सरळ'. शंभरदा, दोनशेदा, जमेपर्यंत. पट्टा किंवा काठी मी कुठल्याच कुत्र्यावर उगारली नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आवाज पुरायचा.

घरातही तो शब्द चालायचा. तेजल, माझी एकुलती एक मुलगी, लहानपणी भाजी बघून नाक मुरडायची. मी म्हणायचो 'सरळ', की पोरगी ताठ बसून मुकाट्यानं जेवायची. आम्ही सगळे हसायचो. निदान मी तरी हसायचो.

बहाद्दर हे माझं शेवटचं कुत्रं. जर्मन शेफर्ड, छातीवर तपकिरी पट्टा, डाव्या कानाला एक खाच. आम्ही दोघं एकाच वर्षी निवृत्त झालो. अर्ज करकरून मी त्याला ओगलेवाडीच्या घरी आणला. अंगणात पेरूचं झाड, त्याखाली त्याचं पोतं. मी रोज सकाळी त्याला कवेत घेऊन डोकं चोळायचो. तो शेपूट हलवायचा. यापेक्षा जास्त प्रेम म्हणजे काय असतं, मला माहीत नव्हतं.

मग तो कंठीचा कायदा आला.

ज्यांच्या घरी कुत्रं नाही त्यांच्यासाठी सांगतो. कंठी म्हणजे गळ्यातला पट्टा, त्यावर हरभऱ्याएवढा एक दिवा. हिरवा म्हणजे कुत्रं निवांत, पिवळा म्हणजे ताणात, लाल म्हणजे घाबरलेलं. कुत्री चावतात ती बहुतेक वेळा भीतीनं चावतात, आणि चावण्याआधी अंगानं सांगतात, पण माणसाला ते वाचता येत नाही. म्हणून यंत्रानं वाचायचं. सरकारनं प्रत्येक पाळीव कुत्र्याला कंठी सक्तीची केली. महिन्यात दहा वेळा लाल लागला की नोटीस, आणि दुसऱ्या महिन्यातही तेच झालं तर कुत्रं दुसऱ्या घरी.

आणि हे यंत्र बनवणाऱ्या चमूत कोण? आमची तेजल! पुण्यात पशुवैद्यक आहे ती. आषाढात ती स्वतःच बहाद्दरची कंठी घेऊन आली. त्याच्या मानेवरचा रुपयाएवढा भाग तिनं भादरला, म्हणजे पट्ट्याची चकती कातडीला नीट चिकटते. पट्टा बांधताना बहाद्दरनं मोठी जांभई दिली.

"झोपाळलाय," मी म्हटलं.

"पप्पा, सकाळचे दहा वाजलेत. ती झोपेची जांभई नाही." तेजल उकिडवी बसली, पण त्याच्याकडे पाठ करून. "तुम्ही जरा खुर्चीत बसा. त्याच्यावर वाकू नका. आता बघा, ओठ चाटले. समोर खायला काही नाही, तरी चाटले. मान वळवली, पण डोळे तुमच्यावरच. त्या डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसतंय का? पुढचा एक पाय किंचित उचललाय. हे सगळं तो बोलतोय."

"शेपूट हलवतोय की!"

"खाली हलवतोय. आखडून. ते 'रागावू नका' असं म्हणणं आहे."

तिनं मला यंत्र समजावून सांगितलं. चकती मानेचे स्नायू, जिभेची हालचाल, श्वास आणि कणा कुठे झुकतो हे टिपते. लाखो तासांच्या चित्रफिती दाखवून चकतीला ही भाषा शिकवलेली. मी विचारलं, "मग सरळ नाडीच का नाही मोजत?" ती म्हणाली, "काळीज भीतीनं धडधडतं तसं खेळतानाही धडधडतं. नाडीवरून फरक कळत नाही. खुणांवरून कळतो." मग तिनं विचारलं, "हा कधी अंग झटकतो का हो? अंघोळ घातल्यावर झटकतात तसं, पण कोरडाच?"

"छे. शिस्तीचं कुत्रं आहे ते."

"भीती सरली की कुत्री अंग झटकतात, पप्पा. नाकापासून शेपटीपर्यंत. म्हणजे झालं, संपलं, आता मी मोकळा. जो झटकत नाही, त्याला संपल्यासारखं वाटतच नसतं."

मी हसण्यावारी नेलं. पण दिवा काही हसण्यावारी जाईना. मी हाक मारली की पिवळा. मी कवेत घेतलं की लाल. आणि मालन, माझी बायको, स्वयंपाकघरात भाकरी थापत बसलेली असली की हा तिच्या पाटाशी पसरलेला, आणि दिवा हिरवागार! सव्वीस वर्षं कुत्री मी सांभाळली आणि हा पठ्ठ्या ओळख दाखवतोय कुणाला, तर भाकरीच्या तुकड्याला! माझं डोकंच फिरलं.

तेजल पुण्याला परत गेली. महिना संपायच्या आत लाल दिवा दहा वेळा लागून गेला आणि नोटीस आली. बहाद्दर जाणार. मला रात्रंदिवस तेवढंच दिसायला लागलं, की पेरूखालचं पोतं रिकामं आहे.

यंत्र खुणा वाचतं ना? मग खुणाच दिसायला नकोत. आणि खुणा बंद करणं हे तर माझं आयुष्यभराचं काम!

श्रावण लागला तसा मी बहाद्दरला पुन्हा साखळी लावली. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. जीभ हलली, हिसका. जांभई, हिसका. मान वळली, 'सरळ'. कंठीमुळे तर सोपंच झालं. पूर्वी मला नजरेनं हेरावं लागायचं, आता दिवा पिवळा झाला की लगेच कळायचं. मालन दारात यायची, बघायची, आत जायची. एकदा म्हणाली, "अहो, म्हातारा झालाय तो." मी म्हटलं, "तू तुझं बघ." ती तिचं बघायला गेली.

तीन आठवड्यांत दिवा हिरवा. मी कवेत घेतला, हिरवा. वर वाकलो, हिरवा. शेजारी फटाके लागले, हिरवा! मी आनंदानं ओरडलोच. तेजलला फोन लावला. ती म्हणाली, "इतक्या लवकर?"

"पोलिसातलं कुत्रं आहे," मी म्हटलं.

गावात बातमी फुटायला कितीसा वेळ लागतो? मोहिते मामा कुत्रं हिरवं करून देतात. भाद्रपदात माझ्या अंगणात रोज सात-आठ कुत्री उभी असायची. नोटीस आलेली माणसं हात जोडायची, "मामा, एवढा जीव वाचवा, पोरं रडतायत." मी वाचवायचो. मला खरंच वाटायचं, मी वाचवतोय. घराघरांत हिरवे दिवे लुकलुकायला लागले. लोक कुत्र्यांकडे बघायचंच विसरले. दिवा हिरवा ना, मग पोरांना खुशाल पाठीवर बसवायचे. तेजलचा पुन्हा फोन आला, "पप्पा, तुमच्या भागातले आकडे बघून आम्ही चक्रावलोय. पुण्यात कुत्री भितात, साताऱ्यात भितात, तुमच्याकडेच भीती संपली?" मला ती शाबासकी वाटली.

आता दसऱ्याचं.

आमच्या पथकात दसऱ्याला शस्त्रांबरोबर कुत्र्यांचीही पूजा असायची. हार, कुंकू, ओवाळणं. निवृत्त झाल्यावरही मी ती प्रथा मोडली नाही. पाटावर माझी पदकं, शिट्टी, साखळी मांडली. बहाद्दरला रांगोळीपाशी उभा केला, गळ्यात झेंडूचा हार घातला. मालन तबक घेऊन आली. निरांजनाची ज्योत जरा मोठी झाली होती. ती चार पावलांवर थबकली.

"अहो, आज नको. त्याचं अंग बघा कसं झालंय."

"कसं झालंय? दिवा हिरवा आहे ना?"

"दिवा हिरवा आहे हो. पण तो श्वास रोखून उभा आहे."

"सणाच्या दिवशी वाद नको. सरळ!"

हुकूम मी कुत्र्याला दिला होता. ताठ मात्र दोघंही झाले. मालन पुढे आली, कुंकू लावायला वाकली, आणि बहाद्दरनं तिचं मनगट धरलं.

गुरगुरला नाही, दात दाखवले नाहीत, कान मागे पडले नाहीत. दगडासारखा उभा होता आणि पुढच्या क्षणी तिचा हात त्याच्या तोंडात होता. तबक पडलं, निरांजन विझलं. त्यानं लगेच सोडलं आणि तो पलंगाखाली जाऊन बसला. मी वाकून पाहिलं. अंधारात तेवढा दिवा दिसत होता, हिरवा.

मालनच्या मनगटाला सहा टाके पडले. दवाखान्यात ती एकच वाक्य बोलली, "त्याला काही करू नका."

चावण्याची नोंद आपोआप होते, लपवता येत नाही. दुसऱ्या दिवशी तेजल पुण्याहून आली आणि तिच्या मागोमाग नगरपालिकेच्या बागवान मॅडम. मॅडम शांत बाई होत्या. त्यांनी नियम वाचून दाखवला. लाल दिवा असताना चावलेलं कुत्रं घाबरट धरतात, त्याच्यावर उपचार करतात. हिरवा असताना चावलं, म्हणजे इशारा न देता चावलं. असं कुत्रं बेभरवशाचं. त्याला इंजेक्शन.

मी म्हटलं, "यंत्र बिघडलं असेल."

"यंत्र बिघडलेलं नाही," तेजल म्हणाली. ती पलंगापाशी जमिनीवर आडवी झाली, तासभर तशीच पडून राहिली, तेव्हा कुठे बहाद्दर बाहेर आला. आषाढात भादरलेल्या त्या रुपयाएवढ्या जागेवर केस पुन्हा वाढला होता. तिनं तो मुळापासून भादरून घेतला आणि बरोबर आणलेल्या डबीसारख्या यंत्रात ठेवला.

"ताणात असलं की रक्तात कॉर्टिसॉल वाढतं," ती मॅडमना सांगत होती, माझ्याकडे न बघता. "त्यातलं थोडं वाढत्या केसात अडकून बसतं. केसाचं टोक म्हणजे आषाढ, मूळ म्हणजे काल. चेहरा लपवता येतो, शेपूट लपवता येते. केसाला खोटं बोलता येत नाही."

पडद्यावर रेघ उमटली. आषाढात थोडी वर, पण स्थिर. श्रावणात चढ. भाद्रपदात दुप्पट, आणि पुढे चढतच गेलेली. जिथून चढ सुरू होत होता, त्याच आठवड्यापासून माझा दिवा हिरवा झाला होता.

"याची भीती गेली नव्हती, पप्पा. सांगायची सोय गेली होती."

मी म्हटलं, "मी त्याला कधी मारलं नाही, तेजल. एक चापट नाही."

"नाही मारलंत," ती म्हणाली. "मलाही नाही मारलंत."

बागवान मॅडमनी फॉर्म पुढे केला. कुत्र्याला वाचवायचा एकच रस्ता होता. मालकानं लिहून द्यायचं, की खुणा मी जाणूनबुजून दाबल्या. मग दोष कुत्र्याचा राहत नाही. पण त्या घरात कुत्रं राहत नाही. माझा वर्ग बंद होणार, मी हिरवी केलेली सगळी कुत्री पुन्हा तपासणार, आणि माझ्या जुन्या पथकाला पत्र जाणार. पथकाच्या भिंतीवर माझा फोटो आहे, बहाद्दरबरोबरचा. खाली लिहिलंय, 'निर्भय'.

"दोन दिवसांत कळवा," मॅडम म्हणाल्या.

मी ते दोन दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. फॉर्म टेबलावर, पेन त्यावर. सव्वीस वर्षं एका ओळीत पुसायची? एका कुत्र्यासाठी? असं म्हणायचो, आणि पलंगाखालचा तो हिरवा ठिपका दिसायचा. मग उठून फेऱ्या मारायचो.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता मॅडम पुन्हा आल्या. टेबलावरचा फॉर्म कोराच होता. तेव्हा मालन हात पुसत बाहेर आली. हाताला पट्टी, एका हातानंच पुसत होती.

"घरातल्या माणसाची साक्ष चालते का?" तिनं विचारलं.

"चालते की," मॅडम म्हणाल्या.

"मग मी सांगते. यांच्या गाडीचा आवाज फाटकात आला की तो माझ्यापाशी येऊन बसायचा. श्रावणापासून ते पण बंद झालं, जागीच थिजायचा. दिवा हिरवा व्हायला लागला तसं त्यानं खाणं अर्ध्यावर आणलं. मी अर्धी भाकरी रोज झाडाखाली पुरत होते, यांना कळू नये म्हणून."

मी चाट पडलो. "हे सगळं तुला दिसत होतं? मग बोलली का नाहीस?" माझा आवाज नेहमीसारखा चढला. "तोंड शिवलं होतं का तुझं?"

मालननं ओठांवरून जीभ फिरवली. मान खिडकीकडे वळवली. आणि तिला जांभई आली. सकाळचे अकरा वाजले होते.

मी तिच्याकडे बघतच राहिलो. अरे देवा! तेजलनं मला ही भाषा आषाढात शिकवली होती आणि मी ती फक्त कुत्र्यावर लावत होतो. मालनच्या डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसत होतं. ती खिडकीकडे वळली होती, पण नजर माझ्यावर होती. मला एकेक आठवायला लागलं. मी हाक मारली की हातातला झारा तसाच धरून तिचं थांबणं. पाहुण्यांसमोर मी काही बोललो की तिचं ते बारीक हसू. 'माझी बायको शब्दाबाहेर नाही' असं मी चारचौघांत मिरवायचो, आणि तिचा दिवा तर लग्नापासूनच हिरवा होता.

मी खाली बसलो. फॉर्म ओढला. अक्षर वाकडं आलं.

'कुत्र्याच्या भीतीच्या खुणा मी दाबल्या. भीती घालवली नाही. त्याला माझीच भीती होती. चूक त्याची नाही, माझी आहे.'

बरोबर चार ओळी झाल्या.

मॅडमनी कंठी काढून पिशवीत घातली. आता कुत्रं कुठे द्यायचं ते बघायचं होतं. नियम असा, की शिकवणी सुरू व्हायच्या आधी ज्या माणसाजवळ दिवा हिरवा राहायचा, त्याचा पहिला हक्क. जवळ कोण होतं हेही कंठी टिपून ठेवते; मॅडमनी ती जुनी नोंद चाळली आणि म्हणाल्या, "मालनबाई, तुमच्याजवळ. पण या घरात ठेवता येणार नाही."

"तेजलकडे ठेवते," मालन म्हणाली. "मी पण जाते त्याच्याबरोबर."

"किती दिवस?" मी विचारलं. या वेळी आवाज अगदी खाली ठेवला होता, जमेल तेवढा खाली.

ती कपाट उघडून साड्या काढत होती. तिच्या हातात चार साड्या होत्या, मग सहा झाल्या. मग तिनं देवघरातली आपली माहेरची अन्नपूर्णा उचलली आणि पदरात गुंडाळून पिशवीत ठेवली. तेव्हा मला कळलं.

थांब म्हणावं असं फार वाटलं. जिभेवर आलंही होतं. पण माझ्या तोंडून 'थांब'सुद्धा हुकमासारखंच निघतं, आणि हुकूम दिला असता तर ती थांबली असती. त्याचीच मला भीती वाटली. म्हणून गप्प राहिलो.

"डब्यात पीठ आहे," जाताना ती म्हणाली. "गोळ्या फ्रिजवर आहेत, जेवल्यावर घ्या."

मी दाराच्या आतच उभा राहिलो. तेजलनं फाटक उघडलं. बहाद्दर बाहेर पडला, चार पावलं चालला आणि थांबला. मागे घराकडे एकदा पाहिलं. मग नाकापासून सुरू करून शेपटीच्या टोकापर्यंत त्यानं सगळं अंग झटकलं. कान फडफडल्याचा आवाज मला दारात ऐकू आला. तो माझ्याकडे आल्यापासून पहिल्यांदा.

मालननं पिशवी गाडीत ठेवली. क्षणभर दार धरून उभी राहिली. मग तिनं मान हलवली, खांदे हलवले, दोन्ही हात सैल सोडून झटकले, अगदी पट्टी बांधलेला हातसुद्धा. मोठा श्वास घेतला आणि गाडीत बसली.

आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली. या घरात तिला असं अंग झटकताना मी एकदाही पाहिलं नव्हतं.